विकणे आहे, हात लावू नये

आमच्या घरात एकदा दोन दिवस अंधार होता. तारा तुटल्या नव्हत्या, बिल थकलं नव्हतं, फ्यूजही उडाला नव्हता. मेन स्विचवर एक लाल पाटी लटकत होती: 'काम चालू आहे. हात लावू नये.' ही पाटी शेजारच्या देवरेकाकांनी लावली होती, आणि देवरेकाका सटाण्याला पुतण्याच्या साखरपुड्याला गेले होते.

झालं होतं असं, की हॉलमधला पंखा कुरकुर करत होता म्हणून मीच काकांना हाक मारली. ते आले, स्विच पाडला, पाटी अडकवली, पंखा खाली उतरवला, 'बेअरिंग गेलं' म्हणाले आणि बेअरिंग आणायला बाहेर पडले. वाटेत सटाण्याला निघालेल्या भावाच्या गाडीनं त्यांना गाठलं आणि तसंच गाडीत कोंबलं. संध्याकाळी मी फोन केला, "काका, पाटी काढू का? फ्रिजमधलं दूध नासलं."

"मनीषाताई, पाटी ज्यानं लावली त्यानंच काढायची," काका शांतपणे म्हणाले. "पाटीमागे माणूस आहे असं समजायचं."

"काका, पाटीमागे स्विच आहे. माणूस सटाण्याला जिलेबी खातोय."

"बरं शे," म्हणाले आणि फोन ठेवला. काका बागलाणातले, बोली अहिराणी, तिच्यात 'शे' म्हणजे 'आहे'. उरलेलं बोलणं शहरात राहून धुऊन निघालं, पण हे 'बरं शे' काही निघालं नाही. होकार, नकार, राग, आनंद, सगळं ते याच दोन शब्दांत उरकतात. ऐकणाऱ्यानं आपापल्या जबाबदारीवर अर्थ लावायचा.

आमचे हे पाटी काढायला स्टूल घेऊन निघाले होते. मीच अडवलं. कॉलनीच्या पंपावरची काकांची पाटी एकदा सोसायटीच्या सेक्रेटरींनी काढली होती, तेव्हापासून काका त्यांच्याशी बोललेले नाहीत. सेक्रेटरी समोरून आले की काका रस्ता ओलांडतात. मला शेजार टिकवायचा होता, म्हणून आम्ही मेणबत्त्या लावून जेवलो.

हे पाटीचं खूळ आलं कुठून, तर एकलहऱ्याहून. काकांची सगळी नोकरी तिथल्या वीजकेंद्रात, दुरुस्तीच्या कामावर गेली. तिथे म्हणे माणूस यंत्राच्या पोटात शिरलेला असतो आणि त्या यंत्राचा स्विच कुठल्या तरी भलत्याच मजल्यावर. दोघांची नजरभेट नाही. म्हणून आत शिरण्याआधी स्विचवर आपली पाटी लावायची, आणि बाहेर आल्यावर आपल्याच हातानं काढायची. दुसऱ्या कुणी काढायची नाही, मग तो साहेब का असेना. हे त्यांनी मला समजावून सांगितल्यावर मला पाटीचा राग येईनासा झाला. दुधाचा मात्र अजून येतो.

काका अंगानं काटकुळे आणि उंच. शर्टाच्या खिशात टेस्टर, पँटच्या खिशात दोरीसकट दोन-तीन पाट्या. आमची जेलरोडची रो-हाऊसची रांग जुनी आहे. रोज कुणाचं काहीतरी बिघडतं आणि काका रोज कुणाकडे तरी असतात. पैसे घेत नाहीत, चहा घेतात. फक्त स्वतःच्या घरात त्यांचं काम कधी पुरं झालं नाही. मागच्या नळावर पाटी, न्हाणीघराच्या कडीवर पाटी, जिन्याच्या हलणाऱ्या पायरीवर पाटी. सगळीकडे वर्षानुवर्षं 'काम चालू आहे'. सुमनकाकू त्या पाट्यांच्या दोऱ्यांवर हातरुमाल वाळत घालायच्या.

सुमनकाकू म्हणजे त्यांची बायको. बुटक्या, गोल आणि बोलक्या. आमच्या दोन्ही घरांच्या मध्ये कंपाउंडची भिंत आहे. माझं शिवणाचं मशीन तिच्या अलीकडच्या खिडकीशी. काकू पलीकडे बादली पालथी घालून तिच्यावर उभ्या राहायच्या, तेव्हा कुठे त्यांचं डोकं भिंतीवर यायचं. मी ब्लाउज शिवत बसायचे आणि त्या बादलीवरून जगाच्या बातम्या सांगायच्या. त्यांची मुख्य तक्रार दोन गोष्टींबद्दल होती. एक, घराचा रंग. काकांनी अख्खं घर आतून-बाहेरून राखाडी रंगवलेलं, मशीनला देतात तसला राखाडी, कारण त्यावर डाग दिसत नाही. काकूंना स्वयंपाकघर पोपटी हवं होतं. दुसरी तक्रार ओट्याची. घर बांधलं तेव्हा काकू बाळंतपणाला माहेरी होत्या. गवंड्यानं काकांना उभं केलं आणि त्यांच्या कमरेच्या अंदाजानं ओटा बांधला. काकांनी त्या ओट्यावर आयुष्यात कधी पोळी लाटली नाही. काकूंनी मात्र जन्मभर पाटावर उभं राहून लाटल्या.

"एकदा पाट सरकला असता ना मनीषा, तर मी तव्यावर आणि पोळी खाली," त्या म्हणायच्या.

पाटीचा नियम मात्र काकूंनी छान आत्मसात केला होता. त्या लाडवाच्या डब्यावर पाटी लावायच्या. मालिका चालू असली की रिमोटवर लावायच्या. आणि काका, गंमत म्हणजे, पाळायचे. एकदा लाडवांवरची पाटी काढायला काकू विसरल्या आणि लाडू खवट झाले. डब्याजवळून दिवसातून पाच वेळा जाणाऱ्या काकांनी एकालाही हात लावला नव्हता.

पुढे त्यांची मुलगी अश्विनी पुण्यात बाळंत झाली आणि काकू तिकडे गेल्या. जाताना त्यांनी एक काम केलं. काकांनी मागे एकदा दूध तापत ठेवून कुणाचा तरी मीटर बघायला धाव घेतली होती आणि पातेलं जळून कोळसा झालं होतं. ते आठवून काकूंनी गॅसच्या शेगडीच्या बटणाला लाल पाटी बांधली. मी तिथेच होते. "मी येईपर्यंत हात लावायचा नाही," म्हणाल्या. काका "बरं शे" म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो.

काकू सव्वा महिना म्हणून गेल्या, त्याला दोन वर्षं झाली. अश्विनी आणि जावई दोघंही नोकरीला, नात ईरा लहान, काकूंचे गुडघे प्रवासाला तयार नाहीत. मग आज-उद्या करता करता लांबलं. काका एकदा तिकडे राहायला गेले होते. अश्विनीच्या इमारतीची लिफ्ट खडखडते असं त्यांना वाटलं म्हणून त्यांनी लिफ्टवर पाटी लावली आणि नटाचा पाना आणायला बाजारात गेले. चौदा मजल्यांची माणसं जिन्यानं चढली. काका आठवड्याच्या आत जेलरोडला परत आले.

इकडे गॅस बंद तो बंद. दुपारचा डबा मेसमधून, संध्याकाळची भाजी-पोळी माझ्याकडून, आणि चहासाठी हॉलमध्ये टीव्हीशेजारी विजेची किटली. स्वयंपाकघरात ते फक्त पाणी प्यायला जात. "अहो काका, शेगडी पेटवा की, काकू काही बघायला येत नाहीत," मी म्हणायचे. ते माझ्याकडे असं बघायचे की मी सेक्रेटरीच्या रांगेत जाऊन बसते की काय अशी मला भीती वाटायची.

मग एक दिवस अश्विनीचा फोन आला. काकांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो. यंत्रांच्या आवाजात राहून त्यांचे कान गेले आहेत, त्यामुळे त्यांच्या घरातलं बोलणं सगळ्या रांगेला घरबसल्या मिळतं. अश्विनी म्हणत होती, "बाबा, विकून टाका ना ते घर. इथेच राहा आमच्याजवळ. आईची पण ओढाताण नको."

"बरं शे."

मग काकूंनी फोन घेतला. "विका, पण आधी जरा नीट करा त्याला. मी काढली इतकी वर्षं तिथे. दुसरी बाई एक दिवस काढायची नाही."

काका किती तरी वेळ फोन हातात धरून अंगणात उभे होते. मला वाटलं रेंज गेली.

दुसऱ्याच दिवशी निकम नावाचे एजंट आले. गळ्यात चेन, हातात दोन फोन. त्यांनी फाटकावर 'रो-हाऊस विकणे आहे' असा पत्र्याचा बोर्ड ठोकला आणि काकांना दारातच शिकवणी दिली. भिंती क्रीम कलरनं रंगवा. पसारा काढा. पाट्याबिट्या काढा, लोक घाबरतात. ओटा आहे तो राहू द्या, घेणारा स्वतःच मॉड्युलर करतो. कशावर फार खर्च करू नका, नुसतं वरवरून चकाचक दिसलं पाहिजे. काकांनी सगळं मान खाली घालून ऐकलं आणि शेवटी दोन शब्द म्हणाले. कुठले ते सांगायला नको.

आणि इथून माझ्या डोक्याचा जो गोंधळ सुरू झाला, तो थेट काकू येईपर्यंत.

पहिल्याच आठवड्यात काका माझ्या दारात आले. चप्पल बाहेर काढली, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "मनीषाताई, सुमनचा मापाचा परकर तुमच्याकडे आहे का?"

आता शिवणारीकडे गिऱ्हाईक मापाचा म्हणून एखादा कपडा ठेवून जातं, त्यात नवल नाही. काकूंचा एक परकर माझ्या कपाटात होताच. पण एखाद्या सत्तरीच्या गृहस्थानं तो भरदुपारी मागायला यावं, याला काय म्हणायचं ते मला कळेना.

"कशाला हवाय काका?"

"माप घ्यायचंय."

"मग काकूंनाच विचारा की फोनवर."

"फोनवर माप येत नाही," काका म्हणाले. परकर वर्तमानपत्रात गुंडाळून, काखेत मारून ते चोरासारखे निघून गेले. मी तासभर एका ब्लाउजला उलटी बाही जोडत बसले. नवीन साडी घेणार असतील का? की आठवण येते म्हणून? की म्हातारपणी काही भलतंच? यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तू दिलास कशाला?"

संध्याकाळी भाजी द्यायला गेले तर स्वयंपाकघरात गवंडी बसलेला. शेगडी, तिची पाटी जशीच्या तशी ठेवून, अलगद उचलून स्टुलावर मांडलेली. भिंतीवर खिळ्याला काकूंचा परकर टांगलेला, त्याची खालची किनार फरशीपासून बरोबर घोट्याइतकी वर, आणि काका नाडीच्या खाली चार बोटं मोजून खडूनं रेघ मारतायत. गवंडी तोंडावर रुमाल धरून हसत होता.

"ओटा पाडतोय," काका म्हणाले. "गिऱ्हाईक बाई असणार ना? मग बाईच्या मापाचा नको?"

"अहो पण काका, बायका काय सगळ्या एका मापाच्या असतात? माझा धंदाच त्यावर चालतो!"

काकांनी परकराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एवढंच माप मिळालं," म्हणाले.

ओटा झाला. इतका बुटका, की निकमनी तो बघितला आणि खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. पुढे रंगारी आला. निकमनी पाठवलेलं क्रीम कलरचं कार्ड काकांनी किटलीखाली ठेवलं आणि स्वयंपाकघर पोपटी करून टाकलं. नुसतं पोपटी नाही, डोळे मिटले तरी दिसेल असं पोपटी. खालच्या मजल्यावर एक अडगळीची खोली होती, तिथे ते स्कूटर लावायचे. ती रिकामी करून तिची झोपायची खोली केली. माळ्यावरचा दिवाण खाली आणला. न्हाणीघरात धरायला स्टीलचे दांडे बसवले, कमोड बसवला. मागचा नळ गळायचा थांबला. जिन्याची पायरी हलायची थांबली. एकेक काम संपलं की काका तिथली जुनी लाल पाटी काढून, पुसून खिशात घालायचे. घरातल्या पाट्या संपत चालल्या. शेवटी शेगडीवरची एकच राहिली.

निकम रोज येत आणि रोज जास्त गोंधळून जात. "ताई, यांना विकायचंय ना नक्की?" मला विचारत. "हा काय प्रकार आहे? खालचं पार्किंग घालवलं! गाडी लावायला जागा नसेल तर घेणार कोण?"

मला तरी काय माहीत! आमचे हे म्हणाले, "अगं सरळ आहे. म्हाताऱ्याला विकायचंच नाही. मुलीला नाही म्हणता येत नाही, म्हणून गिऱ्हाईक पळेल अशी तजवीज चाललीय." मला ते पटलं. पण मग काका गिलाव्यावरून इतक्या मायेनं हात का फिरवतात? पळवून लावायचंय त्याच्यासाठी कुणी नळाला नवा वॉशर घालतं का? मला पुन्हा पटेनासं झालं.

त्यात त्यांनी भिंतीला हात घातला. आमच्या मधली कंपाउंडची भिंत. एका सकाळी मशीनवर बसले तर समोर भोक! माझ्या खिडकीपुढच्या भिंतीच्या वरच्या विटा काढून काकांनी तिथे छान खिडकीएवढा खाचा पाडला होता, आणि पलीकडून काका डोकावत होते.

"हवा येईल," म्हणाले.

मी चिडले. खरंच चिडले. उद्या कुठलं कुटुंब येणार, ते माझ्या मशीनवर दिवसभर डोळे लावून बसणार, आणि हा माणूस पुण्याला निघून जाणार. मी ताडताड बोलले. काकांनी ऐकून घेतलं. "गिऱ्हाईक चांगलंच बघू, ताई," एवढंच म्हणाले.

आणि निकमनी खरंच गिऱ्हाईक आणलं. दिंडोरीचे द्राक्षबागवाले, नवरा-बायको. मुलांना शहरातल्या शाळेत घालायचं म्हणून घर हवं होतं. माणसं मोकळी होती. मी खाच्यातून बघत होते, पलीकडे थेट त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी. मशीन चालू ठेवलं होतं, पण सुईखाली कापड नव्हतं.

काकांनी त्यांना घर दाखवलं म्हणजे काय केलं, तर ड्यूटी सोपवली. एकलहऱ्याला एक पाळी सुटताना दुसऱ्या पाळीला सगळ्या खोडी सांगून मगच निघायचं, अशी पद्धत होती. त्याप्रमाणे काका दिंडोरीकरांपुढे दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले. पश्चिमेच्या भिंतीला श्रावणात ओल येते. टाकीचा कॉक उलटा फिरतो. मधल्या खोलीत मांजर येतं, ते आपलं नाही पण त्याला दूध लागतं. निकम मागून खाकरत होते, खोकत होते, शेवटी अंगणात जाऊन उभे राहिले.

"बरंय ना, खरं बोलत्यात," दिंडोरीचे भाऊ बायकोला म्हणाले. "लय भारी हाय घर. मला आवडलं."

बायको उंचपुरी होती. ती ओट्याशी गेली आणि वाकली. "आवं, ह्यो वटा लय खाली हाय. माझी तर कंबर मोडंल. कोनासाठी केला म्हनं एवढा बुटका?"

काकांनी ओट्याची कड तळहातानं पुसली.

"आन् ही पाटी काय?" म्हणत तिनं शेगडीकडे हात नेला.

"हात लावू नका!"

काकांचा एवढा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. ती बाई दोन पावलं मागे सरली. निकम धावत आत आले. काका शेगडीपुढे आडवे उभे होते. मग त्यांचे ते ओशाळले. हात जोडून म्हणाले, "माफ करा, ताई. ज्यांनी लावलीय त्या पुण्याला आहेत. त्यांनीच काढायची असते."

"मग बोलवा की त्यांना," दिंडोरीचे भाऊ म्हणाले. "फोन लावा, या म्हना. हाय काय अन् नाय काय."

काका जमिनीकडे बघत राहिले. "तिला तिकडे काम आहे," म्हणाले. "कामावरच्या माणसाला मध्येच बोलवत नसतात."

मी मशीन थांबवलं. म्हणजे दोन वर्षांत या माणसानं बायकोला एकदाही 'ये' म्हटलं नव्हतं? स्पीकरवरचे सगळे फोन मी ऐकले होते. खरंच नव्हतं म्हटलं. ईरा कशी आहे, गुडघा कसा आहे, बरं शे, बरं शे, आणि फोन बंद.

दिंडोरीकर 'कळवतो' म्हणून गेले. संध्याकाळी मीच काकूंना फोन लावला. काय बोलायचं ते मला ठरवता येईना, म्हणून म्हटलं, "काकू, गिऱ्हाईक आलंय पण तुमच्या पाटीवर अडलंय. येऊन काढून जा."

"कुठली पाटी गं?"

"शेगडीवरची. तुम्ही जाताना लावलेली."

पलीकडे काही आवाजच येईना. मला पुन्हा वाटलं रेंज गेली. "ती अजून आहे?" काकूंनी विचारलं. "अगं, मी तर विसरूनही गेले होते."

रविवारी जावयानं काकूंना गाडीनं आणून सोडलं. कागदांवर सह्या कराव्या लागतील, भांडीकुंडी बघावी लागतील, म्हणून चार दिवसांसाठी आल्या होत्या. काकांनी दाढी केली होती. फाटक उघडायला गेले आणि कडीच सापडेना. स्वतःच बसवलेली नवी कडी. मी चहाचा थर्मास घेऊन त्यांच्या मागोमाग आत गेले. त्यांची शेगडी बंद म्हणून चहा द्यायला गेले असं मी सांगते, पण मला बघायचं होतं.

काकू न्हाणीघरात हात धुवायला गेल्या आणि दांड्याला धरून उभ्या राहिल्या. खालची खोली बघितली. आपला दिवाण बघितला. मग स्वयंपाकघराच्या दारात आल्या, आणि तो पोपटी रंग त्यांच्या तोंडावर पडला. सवयीनं त्यांची नजर खाली पाट शोधत होती. पाट नव्हता. त्या ओट्याशी गेल्या, दोन्ही हात पोळी लाटायला धरावेत तसे त्यावर टेकले. खांदे वर चढले नाहीत, टाचा उचलल्या नाहीत. अगदी हवा तिथे ओटा.

काकू चिडल्या किंवा हळव्या झाल्या की अहिराणीत शिरतात. मागे न बघता म्हणाल्या, "हाऊ ओटा कोना मापना शे?"

"गिऱ्हाईकना," काका म्हणाले आणि वर पंख्याकडे बघायला लागले.

मी तिथेच उभी, हातात थर्मास. परकर मी दिला होता. खाच्यातून हवा मी खात होते. जन्मभर लोकांची मापं घेणारी बाई मी, आणि हे घर महिनाभर कुणाच्या मापाचं होत होतं ते मला दिसलं नव्हतं. ज्या एका गिऱ्हाइकासाठी हे सगळं चाललं होतं, त्याला निमंत्रण द्यायची मात्र त्या माणसाची छाती झाली नव्हती. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, काय आवरावं कळत नव्हतं.

"एकदा तरी 'ये' म्हणायचं होतंत," काकू म्हणाल्या. आता त्या वळल्या होत्या. "ईराला पाळणाघरात घालूनही दिवस झाले. मला वाटलं, यांचं माझ्यावाचून छान चाललंय. फोन केला की बरं शे. मग कुठल्या तोंडानं यायचं?"

काकांनी शेगडीकडे बोट केलं.

"तू पाटी लावून गेली होतीस," म्हणाले. "पाटी लावणारा माणूस काढायला येतोच."

काकूंनी पदरानं पाटीवरची धूळ पुसली, दोरीची गाठ सोडायला लागल्या. दोन वर्षांची गाठ, सुटता सुटेना. काका मदतीला पुढे झाले नाहीत. नियमात बसत नव्हतं. शेवटी काकूंनी दातांनी सोडवली, शेगडी पेटवली आणि चहाचं आधण ठेवलं. माझा थर्मास मी तसाच परत आणला.

चार दिवसांनी निकम खुशीत आले. दिंडोरीकर तयार झाले होते. ओटा उंच करून घेऊ म्हणत होते. फाटकाशी येऊन ते थबकले आणि डोकं खाजवत खाच्यापाशी, माझ्याकडे आले. "ताई, हे काय?"

मी उठून बघितलं. 'रो-हाऊस विकणे आहे' या त्यांच्या बोर्डावर तीच लाल पाटी बांधलेली होती: 'काम चालू आहे. हात लावू नये.' दोरीला काकूंची गाठ होती, मी ओळखते.

"म्हणजे विकायचंय की नाही?" निकमनी विचारलं. "मी दिंडोरीला काय सांगू?"

"मला काय विचारता? पाटी काकूंची आहे, त्यांना विचारा," मी म्हटलं. "आणि त्या काढेपर्यंत तुम्ही हात लावू नका. काका बोलायचे बंद होतील."

निकम दारापर्यंत गेले. आतून फोडणीचा ठसका आला आणि त्या पाठोपाठ काकूंचा आवाज, की नवा ओटा छान आहे पण पोपटी जरा जास्तच झालाय. निकमनी बेल वाजवायला हात वर केला, तो तसाच खाली घेतला आणि ते परत फिरले.

दुपारी खाच्यातून काकांचा हात आत आला. हातात वर्तमानपत्राची पुडी होती. काकूंचा मापाचा परकर, धुतलेला, इस्त्री केलेला, अगदी चौकोनी घडीचा. खडूची एक फिकट रेघ तेवढी राहिली होती.

"काम झालं, ताई," काका म्हणाले. "तुमच्याकडेच असू द्या."